आमचे नेगीजी

मलारीच्या नेगीजींना नवीन काही सांगायची सोय नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत ते हात वर करतात, "अजी, वो तो हमारे यहाँ..."

गढवालात, जोशीमठाच्या पुढे, तिबेट सीमेकडे जाणाऱ्या नीती खोऱ्यात, दहा हजार फुटांवर त्यांचं गाव. हिवाळ्यात अख्खं गाव खाली उतरतं. नेगीजीही उतरतात, पण तक्रार करत. खालचं पाणी जड, खालचा राजमा मिळमिळीत आणि खालच्या देवांना म्हणे नीट ऐकूच येत नाही.

२०१९ साली याच गावाजवळ शास्त्रज्ञांना एक रानकांदा सापडला. २०२१ मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला, 'ॲलियम नेगियानम'. रानकांदे गोळा करत हिंडलेल्या डॉ. कुलदीपसिंह नेगींचं नाव त्याला दिलं. आता गढवालात दगड भिरकावला तर तो नेगीला लागणार, नाहीतर रावताला. पण आमच्या नेगीजींनी हा दगड आपल्यालाच लागला असं धरून टाकलं. नातं नेमकं कोणतं विचारलं, की ते चहा मागवतात.

मात्र कांदा 'सापडला' म्हटलं, की उसळतात. "हरवला कधी होता?" तीन हजार मीटरच्या वर, बुग्यालात म्हणजे डोंगरमाथ्याच्या कुरणात आणि ओढ्याकाठच्या वाळूत उगवणारा हा कांदा, गावच्या बोलीत फरण, त्यांच्या आजीनेही डाळीत घातलेला. आणि नीती खोऱ्यातल्या फरणाची सर दुसरीकडच्याला नाही! पंचाईत अशी, की बाजारातही तसंच मानतात. बढाईखोर माणूस खरं बोलायला लागला, की ऐकणाऱ्याने करायचं काय?

पुरावा म्हणून आम्हाला चुलीपाशी नेलं. त्यांच्या पत्नीने, आमच्या चाचीजींनी, डब्यातून सुकलेल्या पातीची चिमूट काढली. दिसायला झाडणीतला कचरा. पळीतलं तूप तापल्यावर ती आत पडली, चुरचुरली, काळपटली आणि करपायच्या आत पळी डाळीत. कांदा आणि लसूण दोघांचाही वास एकदमच घरभर झाला. तेवढा वेळ नेगीजी गप्प होते. दिवसभरात तेवढाच.

"रानातला कंद असाच उपटत राहिले तर संपेल, असं शास्त्रज्ञ म्हणतात," मी म्हणालो.

"बिलकुल सही!" नेगीजी गंभीर झाले. "बहुत दुर्लभ चीज़ है." मग चुलीकडे वळून म्हणाले, "अजी सुनती हो, थोड़ा और डालो."