व्हँकुव्हरकर

पुण्याहून बायकोचे मामा-मामी येतात ते सहज फिरायला. व्हँकुव्हरकराच्या लेखी मात्र तो खटला असतो. तिकडची चांगली नोकरी सोडून इथे आलो ते बरोबरच केलं, हे प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. समुद्र, जंगल आणि डोंगर हे त्याचे तीन साक्षीदार.

समुद्र आणि जंगल स्टॅनली पार्कात एकदमच हजर होतात. "चारशे हेक्टर, मामा! १८८८ पासून. भर शहरात!" मामी उंचच उंच देवदारांकडे बघत विचारतात, "आणि अजून एकही बिल्डर फिरकला नाही?" व्हँकुव्हरकर खुलतो. पुढे लायन्स गेट पूल. तो गिनेस बिअरवाल्यांनी १९३८ साली बांधला, असं तो अभिमानाने सांगतो. मामा माळकरी. ते पूल संपेपर्यंत खिडकीबाहेर बघतात.

झुलत्या पुलासाठी तो कॅपिलानोला नेत नाही, लिन कॅन्यनला नेतो. कारण विचारलं तर "तिकडे गर्दी फार." लिन कॅन्यनला तिकीट नाही, हे मामींच्या आपसूक लक्षात येतं. गॅसटाउनच्या वाफेच्या घड्याळापुढे सगळ्यांचे फोटो होतात. दिसायला ते शंभर वर्षांचं, पण आहे १९७७ सालचं, हे तो फोटो काढून झाल्यावर सांगतो.

घात करतो तो तिसरा साक्षीदार. महिना नोव्हेंबरचा. उत्तरेला नुसता करडा ढग. व्हँकुव्हरकर भर पावसात काठावर उभा राहतो, मोबाइलमधला ऑगस्टातला फोटो उघडतो, एक डोळा मिटून फोन ढगावर नेमका जुळवतो आणि म्हणतो, "हा बघा ग्राउस. इथेच आहे. अगदी इथेच!" मामा चष्मा पुसून आधी फोटो बघतात, मग ढग बघतात, मग पुन्हा फोटो.

"छान आहे हो," मामा छत्री सावरत निकाल देतात, "जुलैत आपल्या ताम्हिणीला अगदी असंच असतं."

घरी येईपर्यंत व्हँकुव्हरकर बोलत नाही. जेवणंही मुकाट्याने होतात. मामा बडीशेप चघळत असतात, तेवढ्यात तो गाडीची किल्ली टेबलावर ठेवतो.

"उद्या सकाळी सहाला निघायचं, मामा. व्हिसलर. सव्वाशे किलोमीटर आहे. कानटोपी घ्या."

"आता तिथे काय?"

"बर्फ," व्हँकुव्हरकर म्हणतो. "ताम्हिणीला पडत नाही."