टप्प्याटप्प्याने ऑनलाइन

विद्यापीठाच्या विभागात ऑनलाइन साधने एकदम आणायची नसतात, पचत नाहीत. पहिल्या टप्प्यात समिती नेमतात. दुसऱ्यात समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि त्यावर रोजचे सुप्रभात सुरू होते. तिसऱ्यात अर्ज ऑनलाइन होतो. तो भरायचा, छापायचा, त्यावर विभागप्रमुखांचा सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करून पुन्हा अपलोड करायचा आणि हार्ड कॉपी तीन प्रतींत आवक-जावक खिडकीवर द्यायची. इतके करून कागद वाचला तर तो योगायोग समजावा.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम्’ पोर्टल २०१७ साली आले. २०२१च्या यूजीसी नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करण्याची मुभा दिली. विभागाने मुभेची नोंद घेतली आणि ती फायलीला लावली.

मात्र मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ना समिती होती, ना आराखडा. तरी प्राध्यापकांनी स्वयंपाकघरात बसून झूमवर तास घेतले. नॅकची भेट ठरली की वर्षानुवर्षे झोपलेले संकेतस्थळही रातोरात जागे होते.

थोडक्यात, गरज पडली की टप्पे लागत नाहीत. तेव्हा समितीच्या मान्यवर सदस्यांनो, पुढच्या आराखड्यात एकच कलम घाला: ऑनलाइन आलेल्या अर्जाची प्रिंट मागणाऱ्याने ती स्वखर्चाने काढावी.