ठसेनाना

जालन्यात जुनी वस्तू फार काळ जुनी राहत नाही. बाहेरगावचं भंगार ट्रकांनी इथं येतं, भट्टीत जातं आणि सळई होऊन पुन्हा बाहेरगावी जातं. अशा गावात एखादा माणूस रद्दीच्या दुकानात पोत्यावर बसून शंभर वर्षांपूर्वीची रिकामी पाकिटं निवडत असेल, तर तो गावाच्या धंद्याच्या विरोधात वागतोय असंच म्हणावं लागेल. आमच्या गल्लीतले नाना गेली कित्येक वर्षं असं वागत आहेत. गल्लीतली पोरं त्यांना ठसेनाना म्हणतात. त्याचा त्यांना राग नाही. ‘तिकीटनाना’ म्हटलं तर मात्र येतो.

कारण तिकिटं जमवणारा वेगळा आणि नाना वेगळे. तिकीटवाला पाकिटाचा कोपरा पाण्यात भिजवतो, तिकीट अलगद सोडवतो, वाळवतो आणि अल्बममध्ये लावतो. नानांच्या लेखी हा गुन्हा आहे. त्यांना अख्खं पाकीट हवं असतं: तिकीट, तिकिटावरचा ठसा, पाठीमागचा पोचल्याचा ठसा, वाटेतल्या कचेऱ्यांचे ठसे, जमलंच तर पोस्टमनच्या पेन्सिलीची खूण. याला ते ‘टपालाचा इतिहास’ म्हणतात. त्यांच्या भाच्याने आठवीत असताना मामाला खूश करावं म्हणून एका जुन्या लखोट्यावरचं तिकीट कात्रीने अगदी सुबक कापून दिलं होतं. भाचा आता दोन मुलांचा बाप आहे. नाना अजून त्याच्या हाती कात्री देत नाहीत.

नानांचं पाकीट बघणं बघण्यासारखं असतं. दुपारी खिडकीशी उजेड नीट आला की ते टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरतात, हात धुऊन कोरडे करतात, चिमट्याने पाकीट उचलतात आणि सगळ्यात आधी पालथं करतात. पत्ता कोणाचा, अक्षर कोणाचं, यात त्यांना गोडी नाही. पाठीवर ठसे किती, हा पहिला प्रश्न. मग भिंग. मग ‘अंऽऽ’ असा एक लांब हुंकार. मग नानींना हाक. नानी स्वयंपाकघरातूनच “वा, छान आहे” म्हणतात. त्यांनी ते पाकीट पाहिलेलं नसतं आणि नानांना ते माहीत असतं.

आता पाकीट म्हटलं की त्यात कधीकधी पत्रही असतं. नाना ते काढून बाजूला ठेवतात. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका थोरल्या भावाने धाकट्याला लिहिलेलं चार पानी पत्र बाहेर काढलं, न उलगडता बाजूला ठेवलं आणि रिकाम्या पाकिटावर अर्धा तास बोलले. मी म्हटलं, “नाना, आत काय लिहिलंय ते तरी बघा.”

“काय असणार? प्रकृती ठीक, पैसे पाठव. सगळी पत्रं तीच असतात रे. ठसे मात्र सगळे वेगळे.”

मन मोठं असल्यामुळे ते ही पत्रं रद्दीत टाकत नाहीत. घराणं माहीत असेल तर स्वतः जाऊन परत देतात. “हे तुमचं. पाकीट ठेवून घेतलं, चालेल ना?” लोकांना वाटतं केवढा सज्जन माणूस. पाकिटाचं काय एवढं!

त्यांचं वेड मूळ धरायला गाव मात्र अगदी योग्य मिळालं, हे मान्य करायला हवं. जालना गाव निजामाचं आणि १८२७ पासून छावणी इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हैदराबाद कंटिंजंटची. त्यामुळे नाणी दोन, निजामाचं हाली आणि इंग्रजांचं कलदार, आणि डाकही दोन. इथल्या कापसाच्या व्यापाऱ्याला परतूरला पत्र टाकायचं तर निजामाचं तिकीट, मुंबईच्या अडत्याला टाकायचं तर राणीचं, पुढे राजाचं. निजामाची तिकिटं संस्थानाच्या आतच चालत. १८६९ साली त्यांची डाक तिकिटं सुरू झाली, आणि १८७१ च्या तिकिटांवर किंमत चार लिप्यांत आली: इंग्रजी, फारसी, तेलुगू आणि आपली देवनागरी. बोटाच्या पेराएवढ्या कागदावर चार लिप्या! हे सांगताना नानांचा आवाज चढतो आणि मलाही, खरं सांगायचं तर, त्या वेळी त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर दोन लिप्या बसवताना केवढी भांडणं होतात!

निजामाच्या ठशांवर तारीख फसली सालाची. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष ऑक्टोबरात बदलतं, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि लिपी उर्दू. नाना यासाठी उतारवयात उर्दू अंक शिकले. अक्षरं शिकले नाहीत. अक्षरं शिकली तर पत्रं वाचता येतील, ही धास्ती असावी.

या एका भिंगातून नाना सगळा इतिहास बघतात. आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं, मराठी माणसाला अजून टोचणारी गोष्ट. नानांना टोचतो तो दुसराच प्रश्न. “कोण जिंकलं ते सोड. जिंकल्याची बातमी मुंबईला कोणत्या रस्त्याने गेली? हरकारे किती ठिकाणी बदलले? कोणी लिहीतच नाही यावर!” १७ सप्टेंबरला गावात झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. नाना पांढरी टोपी घालून हजर असतात आणि भाषण संपलं की शेजारच्याला सांगतात की निजामाचं राज्य १९४८ ला गेलं खरं, पण टपाल १९५० ला गेलं. शेजारी मान हलवतो. जालन्यात म्हाताऱ्या माणसाला मान हलवून देण्याची पद्धत अजून आहे.

प्रवासाचंही तसंच. निजामाने १९३१ साली चित्रांची तिकिटं काढली. चारमिनार, उस्मानसागर, आणि आपल्याकडची दोन: एक रुपयावर दौलताबादचा मिनार, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार. लग्नानंतर नाना नानींना अजिंठ्याला घेऊन गेले. प्रवेशद्वार बघितलं, तिकिटाशी ताडून बघितलं, दोन पावलं मागे-पुढे होऊन चित्रकार कुठे उभा असेल ते ठरवलं आणि समाधानाने म्हणाले, “चला.” लेणी नानींनी पुढे महिला मंडळाच्या सहलीत पाहिली.

पण नानांचा खरा जीव अडकलाय तो सातासमुद्रापार, कॅरेबियन बेटांत. १९७१ साली गावसकरांनी वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा काढल्या आणि साऱ्या महाराष्ट्राला पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ब्रिजटाऊन पाठ झालं. बाकीच्यांच्या डोक्यात २२० ची खेळी राहिली, नानांच्या डोक्यात गावं राहिली. या गावांचे ठसे कसे असतील? पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आमच्या कट्ट्यावरचे बाकीचे म्हातारे गावसकर म्हणतात आणि नाना ‘लेडी मॅक्लिऑड’ म्हणतात.

ही बाई नव्हे, बोट. त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेन ते सान फर्नांडो अशी फेरी मारणारी आगबोट. १८४७ साली तिच्या मालकाने, डेव्हिड ब्राइसने, पत्रं वाहण्यासाठी स्वतःचंच तिकीट छापलं. निळा रंग, त्यावर पांढरं जहाज, किंमत छापलेलीच नाही. एकेक घेतलं तर पाच सेंट, शंभर घेतली तर चार डॉलर. सरकारी खातं झोपलेलं असताना एका बोटवाल्याने टपाल चालवलं, याचं नानांना फार कौतुक. जालन्याच्या व्यापाऱ्यांनाही ते पटतं, विशेषतः शंभर घेतल्यावर सूट होती हे. वापरलेलं तिकीट रद्द करायला बोटीवर ठसा नव्हता. मग पेनाने फुली मारायची, नाहीतर सरळ तिकिटाचा कोपरा फाडायचा. असं कोपरा फाटलेलं तिकीट आज लाखांच्या घरात जातं. नानांकडे त्याचा छापील फोटो आहे, फ्रेम केलेला. नानींच्या आईवडिलांचा फोटो त्याच्या खाली आहे.

आता गंमत अशी, की आमचा पोस्टमन घाईत असला आणि तिकिटावर ठसा नीट उमटलेला नसला की बॉलपेनने एक रेघ ओढतो. ती रेघ दिसली की नाना दोन दिवस जेवत नाहीत. मी एकदा विचारलंच, “नाना, १८४७ ची फुली लाखाची आणि आपल्या पोस्टमनची रेघ म्हणजे खून, असं कसं?”

नाना गप्प झाले. मग म्हणाले, “ती बोट होती.”

त्रिनिदादच्या मागे नाना लागले त्याला आणखी एक कारण आहे. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये तिथे उतरले, आणि १९१७ पर्यंत जवळपास दीड लाख लोक उसाच्या मळ्यांत कामाला नेले गेले. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मळ्यातल्या मजुराने गावाकडे धाडलेलं पत्र म्हणजे दुर्मिळातलं दुर्मिळ. ते आपल्याला रद्दीत मिळणार, अशी नानांची श्रद्धा आहे.

“पण नाना, ते लोक बिहारचे, पूरबचे. त्यांचं पत्र जालन्यात कशाला येईल?”

“चुकून!” नाना म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. “चुकीच्या गावाला गेलेलं पत्र असेल तर किंमत तिप्पट!”

टपालाच्या दुनियेत हा न्याय आहे खरा. वेळेवर पोचलेल्या पत्राला कोणी विचारत नाही. भरकटलेलं, उशिरा आलेलं, ‘मालक सापडत नाही’ म्हणून फिरलेलं, जहाज बुडाल्यावर भिजून वर आलेलं, त्याला मान. त्यामुळे नाना दुसऱ्याच्या संकटाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. आमच्या शेजारच्या पोराला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पाठवणाऱ्या कारकुनाने जालन्याच्या जागी जळगाव लिहिलं, पाकीट जळगाव फिरून आलं, मुलाखत होऊन गेलेली. घरात सुतकी शांतता. नाना भेटायला गेले, पाकीट हातात घेतलं, पालथं केलं आणि म्हणाले, “अरे, तीन ठसे! आणि वर लाल शाईने ‘जालना’! फेकू नका बरं का.” पोराच्या आईने चहा दिला नाही. नाना पाकीट घेऊन आले.

असं हे सुखाने चाललं होतं, तोवर गेल्या वर्षी नानांच्या दारात अंबडचे दोन भाऊ आणि एक वकील उभे राहिले. वाड्याच्या वाटणीचा दावा, आजोबांपासून चालत आलेला. नानांनी पूर्वी सज्जनपणाने परत केलेल्या पत्रांत एक पत्र असं निघालं, की ज्यात पणजोबांनी आपला हिस्सा सोडल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. फक्त त्यावर तारीख नव्हती. पत्र विक्रीखताच्या आधीचं की नंतरचं, यावर सगळं अडलेलं. तारीख होती पाकिटावर, उर्दू ठशात, १३४० फसली. आणि पाकीट नानांच्या कपाटात.

नानांनी हात धुतले, चिमट्याने पाकीट काढलं, पालथं केलं, भिंगातून अंक वाचून दाखवले. महिनासुद्धा सांगितला, पाठीवरच्या पोचल्याच्या ठशाशी मेळ घालून. वकील चकित झाले. ते म्हणाले, नाना, तुम्ही साक्षीला यायचं आणि हे पाकीट कोर्टात दाखल करायचं. धाकटा भाऊ तर पायाच पडला.

“काय करतात त्याचं कोर्टात?” नानांनी पाकीट छातीशी धरून विचारलं.

“काही नाही, निशाणी पडते. म्हणजे नंबर घालून शिक्का मारतात.”

“ह्याच्यावर?”

“ह्याच्यावरच. दुसरं कुठे मारणार?”

नानांनी पाकीट कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. दोन्ही भावांची तोंडं पडली. वकिलांनी कायदा सांगितला, समन्स काढता येतं हे सांगितलं, माणुसकीचंही सांगून पाहिलं. नानींनीही आतून येऊन सुनावलं की आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या पाकिटांचा कोणाला उपयोग होतोय, द्या ते. नाना खाली मान घालून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी वकिलांकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं,

“शिक्का गोल असतो का चौकोनी? आणि तारखेचा असतो ना?”