गेम कंपन्यांना खंडकऱ्याच्या नातवाचं पत्र

राजमान्य राजेश्री गेम कंपनी मालक यांस,
मु. पो. क्लाउड

श्रीरामपूरहून साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, तुमचं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं.

आमच्या भागात खंड म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. ब्रिटिश काळात हरेगाव, टिळकनगरच्या खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे भाड्याने, घेतल्या. १९६१ ला कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६३ ला शेती महामंडळ आलं आणि जमिनी परस्पर तिकडे गेल्या. जमिनी दिलेले खंडकरी मोर्चे काढत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारे झाले; त्या जमिनींचं वाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. वस्तू आपल्या ताब्यात ठेवून मालकाला दारोदार कसं फिरवायचं, हे आम्ही जवळून पाहिलंय. तरी सांगतो, तुमच्यापुढे ते सगळे कच्चे. कारखान्यांना निदान खंड मोजावा लागायचा. तुम्ही वस्तूही ठेवता आणि खंडही आमच्याकडूनच घेता!

युबिसॉफ्टकरांचा तर जाहीर सत्कार व्हायला हवा. २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी ‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा गेम काढला. लोकांनी रोख पैसे मोजून घेतला, कित्येकांनी डिस्कच घेतली. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि डिस्क चहाचा कप ठेवायच्या लायकीची उरली. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी गेम सर्व्हरला विचारल्याशिवाय चालत नव्हता, ही त्यातली खरी कारागिरी. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या सबस्क्रिप्शन विभागाचे प्रमुख म्हणाले होते की, गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळणाऱ्यांना सवय व्हायला हवी. बोले तैसा चाले! युरोपातले काही नतद्रष्ट मात्र दहा लाखांहून जास्त सह्या गोळा करून बसले, की विकलेला गेम असा मारून टाकू नका.

भाड्याला आमची हरकत नाही हो. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये तासाला दहा रुपये देऊन आम्हीही खेळलोय. वेळ संपली की पार्लरवाला मान धरून उठवायचा आणि कुणाला फसल्यासारखं वाटायचं नाही. महिनाभर वीस गेम चाखून बघायचे तर सबस्क्रिप्शन परवडतंही. फक्त खंड कधी वाढेल ते तुमच्या मर्जीवर. मायक्रोसॉफ्टने गेम पासचा सगळ्यात वरचा प्लॅन २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत २० डॉलरवरून थेट ३० वर नेला.

पण ‘विकत घ्या’ असं बटण दाबायला लावून हातात लायसन्स टेकवायचं, याला आमच्याकडे वेगळं नाव आहे; ते पत्रात लिहिता येत नाही. आमच्या माळ्यावर अजून टीव्ही गेमची एक पिवळी कॅसेट आहे. लेबलवर ‘९९९९ इन १’, आत मारिओ, काँट्रा आणि आणखी तीन-चार गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. धडधडीत खोटं लेबल. पण खाली फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने पट्टी पुसली की आजही चालते, आणि ती बनवणारा कोण, कुठे, जिवंत आहे की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

तेव्हा एकच विनंती. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: लायसन्स विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. तेवढं आमच्याकडेही, मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहा. ‘खंड भरा, मुदत आमच्या मर्जीवर’ असं लिहिलंत तरी चालेल. पोरं तरीही बटण दाबतील, काळजी नसावी.

कळावे, लोभ असावा (लायसन्सवर चालेल).

आपला,
एका खंडकऱ्याचा नातू

ता. क. — ऑनलाइन गेम विकणाऱ्या स्टीमवाल्यांच्या सपोर्टने २०२४ मध्ये एकाला कळवलं म्हणे, की खातं मृत्युपत्राने कुणाच्या नावावर करता येत नाही. माझ्या खात्यात शंभरेक गेम आहेत. वारसनोंदीला कोणत्या तलाठ्याकडे जायचं तेवढं कळवा. चहापाण्याचं आम्ही बघून घेऊ.