चालू बॉयलर दाखवा, अनुदान मिळवा

जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवताना जनतेचा खिसा रिकामा होऊ नये, याची काळजी जर्मन सरकारने 2024 च्या योजनेत पुरेपूर घेतली. मूळ अनुदान खर्चाच्या 30 टक्के. घाई केलीत तर आणखी 20. वार्षिक करपात्र उत्पन्न 40,000 युरोंच्या आत असेल तर आणखी 30. पंपात नैसर्गिक शीतक असेल तर वर 5. बेरीज 85 होते, हातात पडतात 70. तेही एका घराच्या 30,000 युरोंपर्यंतच्या खर्चावर, म्हणजे कमाल 21,000. ज्यांना हे गणित जमत नाही त्यांनी स्वेटर घालावा.

घाईचा बोनस मात्र मुद्दाम वाचावा असा आहे. मालक त्या घरात स्वतः राहणारा हवा, गॅस बॉयलर किमान 20 वर्षांचा हवा आणि (इथे जरा थांबा) तो चालू स्थितीत हवा. तेव्हा म्हाताऱ्याची आधी तब्येत दाखवून घ्यावी, धडधाकट असल्याची खात्री करावी आणि मगच त्याला घराबाहेर काढावे.

2023 मध्ये नव्या यंत्रणेत 65 टक्के नूतनक्षम ऊर्जा सक्तीची करण्यावर खल सुरू होता. लोकांनी इशारा अचूक ओळखला आणि कायदा येण्याआधी नवेकोरे गॅस बॉयलर घ्यायला धावले. हे बॉयलर बोनसच्या वयात येतील 2043 साली. योजनेनुसार तो बोनस 2037 मध्येच संपायचा आहे.