बोर्डेनची जयंती क्युबेकमध्ये यथासांग कशी साजरी करावी

सदर मार्गदर्शन भाविकांसाठी आहे. म्हणजे ज्यांनी रात्री दीड वाजता 'पार्ट्स अननोन' लावून, पडद्यावर ससा शिजत असताना स्वतः कालच्या पोळीचा कुस्करा खाल्ला आहे, अशांसाठी. इतरांकरिता थोडक्यात ओळख: अँथनी बोर्डेन हा न्यूयॉर्कचा आचारी. 2000 साली 'किचन कॉन्फिडेन्शियल' लिहून त्याने हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची लक्तरे वेशीवर टांगली आणि नंतरचे आयुष्य जगभर लोकांच्या घरी, टपऱ्यांवर आणि क्वचित बऱ्या जागी जेवण्यात आणि ते टीव्हीवर दाखवण्यात घालवले. 'पार्ट्स अननोन' ही त्याचीच मालिका. सोमवारी हॉटेलात मासे मागवू नयेत हा त्याचा सल्ला इतका गाजला की पुढे त्यालाच तो मागे घ्यावा लागला.

प्रथम मुहूर्त. 8 जून 2018 रोजी फ्रान्समधल्या केझर्सबेर्ग गावी, चित्रीकरण चालू असताना, वयाच्या 61व्या वर्षी त्याने आपले आयुष्य संपवले. ही तारीख पाळू नये. त्याचे मित्र एरिक रिपेर आणि होसे आंद्रेस हे दोघेही नावाजलेले शेफ. त्यांनी 2019 साली ठरवले की आठवण काढायची ती जन्मदिवशी, 25 जूनला. आपणही तेच करावे. अडचण एवढीच की क्युबेक या कॅनडाच्या फ्रेंच भाषिक प्रांतात 24 जूनला राष्ट्रीय सण असतो, रात्रभर गाणी-बजावणी आणि बिअर चालते, त्यामुळे 25ला निम्मे मॉन्ट्रियल डोके धरून बसलेले असते. याला अपशकुन समजू नये. बोर्डेनच्या जयंतीला याहून योग्य वातावरण मिळणार नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर. त्याचे क्युबेक हे ऐन हिवाळ्यातले. मालिकेच्या 2013मधल्या क्युबेकवरच्या भागात मॉन्ट्रियलच्या 'जो बीफ' रेस्टॉरंटचे तेव्हाचे मालक फ्रेड मोरां आणि डेव्हिड मॅकमिलन त्याला गोठलेल्या नदीवर घेऊन जातात. बर्फावर मासे धरणाऱ्यांची एक लाकडी खोपटी. आत चिनीमातीची भांडी, काचेचे उंच पेले, कालवे, मग रक्ताच्या दाट रश्शातला शाही ससा, वास मारणारे चीज, केक आणि वर शार्त्रूझ नावाची हिरवी दारू. मासे धरण्याच्या कामाकडे कोणाचेही फारसे लक्ष नव्हते. जूनमध्ये हे करायला गेल्यास खोपटीसह आपण नदीच्या तळाशी जाल. तेव्हा बर्फाचा आग्रह सोडावा. जूनमध्ये लॉबस्टर चांगला मिळतो, आणि 'जो बीफ'ची लॉबस्टर घातलेली स्पगेटी प्रसिद्ध आहे. तेवढ्यावर भागवावे लागेल, असे चेहरा पाडून म्हणावे आणि मागवावी.

आता मेन्यू. त्या भागात मार्तां पिकार हा दुसरा शेफ बोर्डेनला बीव्हर खाऊ घालतो. बीव्हर म्हणजे नदीवर बांध घालणारा, चपट्या शेपटीचा, कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर बसलेला प्राणी. सतराव्या शतकात चर्चने हा प्राणी पाण्यात राहतो म्हणून त्याला मासा ठरवले आणि उपासाच्या दिवसांत चालवून घेतला. साबुदाण्याला उपासाच्या ताटात बसवणाऱ्या समाजाने यावर हसू नये. मात्र बीव्हर हॉटेलात सहसा मागून मिळत नाही. त्यासाठी सापळे लावणारा ओळखीचा माणूस लागतो. तो नसेल तर पिकारच्या 'ओ प्ये द कोशों'मध्ये जावे. नावाचा अर्थ डुकराचा पाय. 2001 साली दुल्युथ रस्त्यावर उघडलेली ही जागा. तिच्या पाककृतींच्या पुस्तकाला प्रस्तावना बोर्डेनचीच आहे, त्यामुळे तिला तीर्थक्षेत्राचा दर्जा द्यायला हरकत नाही.

इथे डब्यातले बदक मागवावे. वाढपी सीलबंद पत्र्याचा डबा आणि डबा उघडायचे साधे यंत्र घेऊन टेबलापाशी येतो. समोर ताटलीत भाजलेल्या पावावर सेलरीच्या कंदाचा लगदा थापलेला असतो. कर्रकर्र करत झाकण निघते, वाढपी डबा उपडा करतो, आणि बदकाची छाती, कोबी, लसूण व फ्वा ग्रा असा सगळा ऐवज फसकन पावावर उतरतो. मागून तपकिरी रस डब्याच्या कडेने थेंब थेंब येत राहतो. दिसायला हे अजिबात सुंदर नसते. फोटो काढू नये. काढलाच तर तो आईला पाठवू नये.

फ्वा ग्रा म्हणजे बदकाला घशात नळी घालून खाऊ घालून फुगवलेले यकृत. ज्यांना हे ऐकूनच नको वाटते त्यांचे म्हणणे रास्त आहे. भारत सरकारने 2014 साली त्याची आयातच बंद केली. म्हणजे ही जयंती पुण्यात घरच्या घरी करता येणार नाही, याची नोंद घ्यावी.

पण पिकारने हेच यकृत पूतीनवर घातले, तेव्हा नेमके काय केले ते समजून घेतल्याशिवाय घास उचलू नये. पूतीन म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर चीजचे ताजे गोळे आणि वरून गरम तपकिरी रस्सा. 1950च्या दशकात क्युबेकच्या खेड्यांतल्या खानावळींत जन्मलेला पदार्थ. तो आमचाच, असे वॉरिक गाव म्हणते आणि ड्रमंडव्हिलही म्हणते. पाहुण्याने या भांडणात पडू नये. चीज त्याच दिवशीचे हवे, दाताखाली चिकचिक वाजले पाहिजे. फ्रिजमध्ये गेले की आवाज गेला. रस्सा इतकाच गरम हवा की चीज मऊ पडेल, पण वितळणार नाही. आणि हे खाणे कित्येक वर्षे गावंढळ समजले जायचे. इंग्रजी बोलणारे कॅनेडियन त्यावरून क्युबेकच्या लोकांना हिणवायचे, आणि शहाणे क्युबेकवालेही पाहुणे आले की पूतीन लपवून पॅरिसची नक्कल मांडायचे. पिकारने पॅरिसची सगळ्यात मिजासखोर वस्तू उचलली आणि हिणवल्या गेलेल्या ताटलीवर ठेवली. ज्याला त्यात फक्त चरबी दिसते, त्याने ताटलीत वरवरच पाहिले.

बोर्डेनला हे लगेच कळले यात नवल नाही. वडिलांकडून तो फ्रेंच वंशाचा, लहानपणी सुट्टीत फ्रान्समध्ये पहिले कालव खाऊन बिघडलेला, आणि न्यूयॉर्कच्या 'ले हाल'मध्ये वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना स्टेक आणि तळलेले बटाटे रांधून घालणारा माणूस. फ्रेंच स्वयंपाक म्हणजे कडक इस्त्रीचा रुमाल नव्हे, हे त्याला आधीच ठाऊक होते. क्युबेकमध्ये ते मोठ्या आवाजात सांगणारे यजमान भेटले. म्हणून त्या भागात तो नेहमीपेक्षा कमी बोलतो आणि जास्त खातो. टीव्हीवरच्या माणसाला हे अवघड असते.

शाकाहारी भाविकांसाठी वेगळा परिच्छेद. 'किचन कॉन्फिडेन्शियल'मध्ये त्याने तुम्हाला यथेच्छ शिव्या दिल्या आहेत. पुढे 2014मध्ये पंजाबात जेवल्यावर मात्र सूर बराच नरमला. क्युबेक असे नरमत नाही. वाटाण्याच्या सूपमध्ये हॅम, घेवड्याच्या बियांत डुकराची चरबी, पूतीनच्या रश्शात मांसाचा अर्क, नाताळच्या तुर्त्येर नावाच्या पाईमध्ये खिमा, आणि पाईच्या पारीतही बहुधा चरबीच. मेपलच्या पाकावर तरी विश्वास ठेवावा म्हणाल, तर 40 लिटर चीक आटवून एक लिटर पाक होतो आणि आटताना वर येणारा फेस बसवायला पूर्वी डुकराच्या चरबीचा तुकडा टाकत. हल्ली वनस्पती तेल वापरणारे पुष्कळ आहेत, विचारून घ्यावे. गरम पाक बर्फावर ओतून काडीवर गुंडाळायचा, तो प्रकार निर्धोक आणि अप्रतिम, पण मार्च-एप्रिलमधला. जूनमध्ये गरिबांचे पुडिंग मागवावे. 1929च्या मंदीत बेकारांच्या घरी जे होते त्यातून जमवलेले, पाकात बुडून भाजलेले हे केकसारखे गोड. एकाने एक संपवू नये.

या पाकाची किंमत कमी लेखू नये. जगातला बहुतांश मेपलचा पाक क्युबेकमधून येतो, त्याचा साठा पिंपांमधून गोदामात राखून ठेवतात, आणि 2011-12मध्ये चोरांनी त्यातला सुमारे 3,000 टन पाक, 1 कोटी 80 लाख डॉलरचा, पळवला होता. शेवटी धरले गेले.

वाइनबद्दल. यजमान आग्रह करतील, आणि त्या भागातले पेले पाहून तुम्हालाही वाटेल की नाही म्हणणे म्हणजे अपमान. ज्या मॅकमिलनने बोर्डेनपुढे त्या बर्फावर बाटल्या मांडल्या, त्याने 2018 साली दारू सोडली, सोडल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि 2021मध्ये रेस्टॉरंटमधूनही बाहेर पडला. स्वयंपाकघरातल्या लोकांना या गोष्टी काय भावाने पडतात, हे बोर्डेनने आधीच लिहून ठेवले होते. तेव्हा पाणी मागावे. कोणी काही म्हणत नाही.

बोर्डेनने जिथे खाल्ले त्या सगळ्या ठिकाणांची यादी करून दोन दिवसांत ती उरकणाऱ्यांना या जयंतीचे पुण्य लागत नाही, असा आमचा स्पष्ट निर्वाळा आहे. एकच जागा धरावी. भूक ठेवून जावे. वाढप्याला आज काय चांगले आहे ते विचारावे, तो जे सांगेल ते मुकाट मागवावे, आणि शेजारच्या टेबलावरचे कोणी बोलायला लागले तर खुर्ची वळवावी.

शेवटी बिल. क्युबेकमध्ये दोन कर मिळून बिलावर जवळजवळ 15 टक्के चढतात. हा धक्का शांतपणे पचवावा. टीप करांआधीच्या रकमेवर मोजायची असते. तीही 15 टक्क्यांहून कमी ठेवू नये. ज्याची जयंती करताय तो माणूस अमेरिकेतल्या प्रोव्हिन्सटाउन गावच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागला, तिथून पुढे आला. तेव्हा इथे हात आखडता घेऊ नका.