गुरुजी थकलेच पाहिजेत

आपल्या शिक्षण खात्याला उगाच नावे ठेवतात. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९८१ साली कामाने करपलेला माणूस ओळखण्याची प्रश्नावली काढली. लक्षणे तीन: मनाचा शीण, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही खात्री. तिकडे लक्षणे मोजली, आपण ती राबवली.

आधी शीण. गुरुजींनी खिचडी चाखावी, चव रजिस्टरला सही करावी, जेवलेल्यांचा आकडा अ‍ॅपवर टाकावा, शाळेच्या माहितीचे यू-डायस भरावे, आधारवरचे नाव दाखल्याशी जुळवावे आणि बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन वस्त्या पालथ्या घालाव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीचे. कायदा करणाऱ्यांना आपला देश चांगला ठाऊक होता: इथे यांपैकी काहीतरी चालूच असते.

मग कोरडेपणा. दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले की उरलेल्या बाईंपुढे चार इयत्ता. त्यातच ग्रुपवर ‘अति तातडीचे’ येते. अशा वेळी गणू का रडतोय हे विचारत बसणे शासकीय हिताचे नाही. गणूचा आयडी बरोबर असला की झाले.

शेवटी आत्मविश्वास. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवकाश असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे. म्हणजे वीस वर्षे पाढे घोटून घेतलेल्या बाई आता रात्री गाइड उघडतील आणि खुल्या प्रवर्गातल्या असतील तर १५० पैकी ९० गुण मिळवून आपण शिक्षिका असल्याचे सिद्ध करतील. अ‍ॅप, यादी आणि खिचडी यांतून वेळ काढून.

हे सारे गरजेचेच आहे. आत्मविश्वास असलेला शिक्षक फार अवघड. तो विचारतो, ‘साहेब, हीच माहिती गेल्या महिन्यात दिली होती, तिचे काय केले?’ थकलेला शिक्षक विचारत नाही, पुन्हा भरून देतो.

तेव्हा पालकांनो, पोराला हातच्याची बेरीज येत नाही म्हणून शाळेत भांडायला जाऊ नका. गुरुजींची बेरीज चोख आहे. आलेला तांदूळ, शिजलेला तांदूळ आणि शिल्लक यांचा मेळ रोज बसतो, आणि तपासणीला तोच लागतो.